गच्ची आपली, देखभाल कुणाची?

२० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेत एकतानगरला, नर्मदेच्या काठी, 'मिशन लाइफ'चा प्रारंभ झाला. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस आंतोनियो गुटेरेश समारंभाला हजर होते. पर्यावरणाला सोसेल असं जगायचं तर माणसाने काय काय करावं, याची ७५ कलमी यादी या मोहिमेबरोबर आली. सिग्नलला गाडी बंद करा, एसी २४ अंशांवर ठेवा, एलईडी दिवे लावा, कापडी पिशवी वापरा. यादीत चूक काही नाही. पण ती जवळजवळ सगळी एकेकट्या माणसाला उद्देशून आहे, आणि माझं भांडण तिथेच आहे.

एकतानगरपासून नर्मदेच्या प्रवाहाविरुद्ध वर जात राहिलं की मध्य प्रदेशात देवास जिल्ह्याच्या टोकाला नेमावर लागतं. नर्मदेचं नाभिस्थान म्हणून परिक्रमावासीयांना ठाऊक असलेलं, काठावर सिद्धेश्वराचं परमारकालीन देऊळ असलेलं गाव. त्याचं तालुक्याचं ठिकाण म्हणजे खातेगाव. एकेकाळी हा मुलूख होळकरांच्या इंदूर संस्थानात होता. आज इंदूर-बैतूल महामार्गावरचं हे एक बाजारपेठेचं गाव आहे. सोयाबीन, गहू, अलीकडे उन्हाळी मूग, आणि उत्तरेला खिवनीच्या अभयारण्याचं सागवान. इथल्या बहुतेक घरांना त्या यादीतल्या निम्म्या सूचना लागूच पडत नाहीत. ज्यांच्याकडे एसीच नाही त्यांनी तो कितीवर ठेवायचा? भारतीय माणसाचं वर्षाचं कार्बन उत्सर्जन सरासरी दोन टनांच्या आसपास आहे, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आणि अमेरिकेची सातपट. दोन टनांच्या सरासरीतही पुण्या-इंदुरातल्या फ्लॅटचा वाटा वेगळा आणि खातेगावच्या शेतमजुराचा वेगळा. त्याला काटकसर शिकवायला जाणं हा आगाऊपणा आहे.

माणसागणिक पापपुण्याचा हिशेब मांडायची ही पद्धत आली कुठून, तेही आठवून पाहावं. 'कार्बन फूटप्रिंट' हा शब्दप्रयोग घरोघरी पोचवला तो २००४-०५ च्या सुमारास ब्रिटिश पेट्रोलियमच्या जाहिरातींनी. तेल काढणाऱ्या कंपनीने ग्राहकाला विचारलं, तुमचा ठसा केवढा? आणि आपण भाबडेपणाने मोजायला बसलो.

दुसऱ्या टोकाला सरकार आहे. योजना, पोर्टल, सबसिडी, उद्घाटन. व्यक्ती आणि सरकार यांच्या मधे एक जागा आहे: मोहल्ला, वाडी, हाउसिंग सोसायटी, ग्रामसभा. घर थंड राहील का, पाणी किती विजेवर येईल, चूल कशावर पेटेल, कचरा कुठे जाईल, हे प्रश्न खरे त्या जागेवर सुटतात किंवा फसतात. आणि फसतात तेव्हा बहुधा तंत्रज्ञानामुळे नाही, तर बसवलेल्या वस्तूची देखभाल कुणी करायची हे कुणी ठरवलेलं नसतं म्हणून. इंदूर-बैतूल रस्ता आणि त्याच्या आजूबाजूचा माळवा यावर या म्हणण्याचे पुरावे विखुरलेले आहेत. मराठी वाचकाला ते परकेही नाहीत. या रस्त्याच्या एका टोकाला मराठी मंडळींचं इंदूर आहे आणि दुसऱ्या टोकाला मराठीचा शेजार लाभलेलं बैतूल.

पाण्यापासून सुरुवात करू. माळव्यात घराच्या विजेचा हिशेब पाण्याशिवाय पुरा होत नाही. पाण्यात वीज दडलेली असते आणि ती आपल्या बिलात दिसत नाही. हजार लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायचं तर पंप कितीही उत्तम असो, पाव युनिटापेक्षा जास्त वीज लागणारच. हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे, त्यात सवलत मिळत नाही. देवास शहराची तहान १९९० मध्ये रेल्वेच्या टँकरनी भागवावी लागली होती, ही गोष्ट तिथल्या जुन्या लोकांना अजून पाठ आहे. पुढे देवासच्या कारखान्यांसाठी खातेगाव तालुक्यातल्या नेमावरहूनच नर्मदेचं पाणी सव्वाशे किलोमीटर नळाने न्यायचा प्रकल्प झाला. नेमावर समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे मीटरच्या आसपास, देवास सव्वापाचशेच्या वर. मधे विंध्याचा घाट. म्हणजे घर्षण, गळती सोडून नुसत्या चढालाच हजार लिटरमागे पाऊण युनिटाच्या जवळपास वीज. इंदूरला तर नर्मदेकाठच्या जलूदहून याहून मोठ्या चढावर पाणी येतं आणि महापालिकेच्या वीजबिलात हा पाणीउपसा हेच मोठं कलम असतं.

देवासमध्ये या सगळ्यावर एक साधा इलाज झाला होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथले जिल्हाधिकारी मोहन राव आणि ग्रामीण अभियांत्रिकी सेवेच्या अभियंत्यांनी मिळून घराघरातल्या कूपनलिकेत छताचं पाणी सोडायची युक्ती काढली. ती 'देवास फिल्टर' म्हणून देशभर पोचली. १४० मिलिमीटर व्यासाचा, सव्वा मीटरभर लांबीचा पीव्हीसी पाइप. त्यात तीन कप्पे. पहिल्यात दोन ते सहा मिलिमीटरची बारीक खडी, दुसऱ्यात सहा ते बाराची, तिसऱ्यात बारा ते वीसची. शेवटी जाळी. छताची पन्हळ एका बाजूला जोडायची, दुसरी बाजू थेट बोअरमध्ये. तेव्हाचा खर्च सहाशे रुपयांच्या घरात. कुठल्याही प्लंबरला जमेल असं काम, आणि सामान गावच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

हिशेब करून पाहा. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस पडला तर ९० हजार लिटरांहून जास्त पाणी पडतं. वीस टक्के उडून-सांडून गेलं तरी बहात्तर हजारांहून जास्त उरतं. पाच माणसांच्या घराला रोज पाचशे लिटर धरले तर पाच महिन्यांची सोय. वीज किती वाचली? घरटी वर्षाला शंभर युनिटांच्या आतच. म्हणजे एका घरापुरता हा आकडा चार जणांना सांगण्यासारखाही नाही. इथेच एकेकट्याचं गणित थिटं पडतं. एका घराने पाणी मुरवलं तर ते शेजाऱ्याच्या बोअरला जातं. पाणी काही सातबारा बघून मुरत नाही. सगळ्या गल्लीने मुरवलं तरच गल्लीची पातळी वर येते, प्रत्येकाच्या मोटरला कमी ओढावं लागतं आणि टँकर टळतो. फिल्टर बसवायला एक कुटुंब पुरतं, उपयोग व्हायला मोहल्ला लागतो.

आणि दरवर्षी मृगाच्या आधी तो पाइप उघडून खडी धुवावी लागते. गच्ची झाडावी लागते. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडावं लागतं. हे कोण करणार? ज्या वर्षी नळाला पाणी नियमित येतं त्या वर्षी कुणाला आठवतही नाही. योजनेच्या कागदावर 'बसवले' असा रकाना असतो, 'या जूनमध्ये धुतले' असा नसतो.

देवास जिल्ह्यानेच याचं उत्तरही दिलं, शेतात. २००६ साली उमाकांत उमराव जिल्हाधिकारी म्हणून आले तेव्हा कूपनलिका खोल खोल जाऊन कोरड्या पडत होत्या आणि शेतकरी बोअरच्या कर्जात बुडाले होते. 'भगीरथ कृषक अभियान' सुरू झालं. शेतकऱ्यांना सांगितलं गेलं की जमिनीचा दहावा हिस्सा तळ्याला द्या. त्या तळ्यांना 'रेवासागर' म्हटलं. सुरुवातीची तळी शेतकऱ्यांनी आपल्याच पैशाने, आपल्याच ट्रॅक्टरने खणली. सरकारने अनुदान म्हणून राज्यभर बलराम तलाव योजना आणली ती त्यानंतर. टोंकखुर्द भागात गावागावांतून तळी झाली. जिल्ह्यात त्यांची संख्या हजारांत गेली आणि संयुक्त राष्ट्रांच्या जलव्यवस्थापनाच्या पुरस्कारांतही या कामाची दखल घेतली गेली.

यात दोन गोष्टी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. प्रशासनाने सभांमधून निसर्गप्रेमाची भाषा वापरली नाही. रब्बीचं पीक हमखास येईल, उत्पन्न वाढेल, मोटरचं बिल कमी होईल, असा व्यापारी हिशेब मांडला. आणि तळं शेतकऱ्याच्या मालकीचं राहिलं. त्यामुळे बांध फुटला तर तोच दुरुस्त करतो, गाळ साचला तर तोच काढतो आणि शेतात टाकतो. सरकारी पाझर तलाव फुटला की गाव तहसीलदाराची वाट बघत बसतं. सामूहिक प्रेरणा आणि वैयक्तिक मालकी यांचा मेळ तिथे बसला, म्हणून अधिकारी बदलून गेला तरी तळी राहिली. कार्बनच्या भाषेत बोलायचं तर शेकडो फूट खोलातून पाणी उपसण्याऐवजी दहा-पंधरा फुटांवरून ते उचलणं, ही कुठल्याही एलईडी दिव्यापेक्षा मोठी बचत आहे. पण कुणाही शेतकऱ्याने ती कार्बनसाठी केली नाही, आणि ते बरंच झालं.

आता नर्मदा ओलांडून, हरद्यावरून पुढे बैतूलला जाऊ. घोडाडोंगरी भागात बाचा नावाचं पाऊणशे घरांचं छोटं गाव आहे, वस्ती मुख्यतः गोंड आदिवासींची. २०१७-१८ मध्ये तिथे प्रत्येक घरात सौर चूल बसली. आराखडा आयआयटी मुंबईचा, पैसा ओएनजीसीचा, गावातलं काम एका स्थानिक शिक्षणसंस्थेचं. छपरावर पॅनेल, स्वयंपाकघरात बॅटऱ्या, त्यावर इंडक्शनची शेगडी. लाकडाचीही गरज नाही आणि गॅसचीही नाही असं देशातलं पहिलं गाव म्हणून बाचाचं नाव झालं. डोक्यावर मोळी घेऊन रानातून येणाऱ्या बाईचे किती तास वाचले, धूर किती कमी झाला, याचं मोल मी कमी लेखत नाही. प्रयोगशाळा, कंपनी आणि गाव यांची अशी युती आपल्याकडे क्वचितच जमते.

पण चुलीशी ज्याचा संबंध आहे त्याला काही प्रश्न पडतातच. इंडक्शनला सपाट बुडाचं लोखंडी भांडं लागतं. अ‍ॅल्युमिनियमची पातेली आणि मातीचा तवा चालत नाही. हाताने थापलेली जाड भाकरी तव्यावर शेकली तरी फुगायला विस्तवाला लावावी लागते. पाच माणसांचा स्वयंपाक ठीक, पण घरी पाव्हणे आले, लग्नकार्य निघालं, सलग तीन दिवस ढग राहिले, की मागच्या अंगणातली चूल पुन्हा पेटते. उज्ज्वला योजनेच्या सिलिंडरांबाबतही देशभर हेच दिसलं आहे. सिलिंडर आला म्हणून चूल गेली असं होत नाही, दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. हा बाईचा अडाणीपणा नव्हे, ही तिची तजवीज आहे. आराखडा करताना तिला चार दिवस आधी बसवून विचारलं तर शेगडीचा आकारच वेगळा निघेल.

त्याहून अवघड प्रश्न बॅटरीचा. बॅटरीला आयुष्य असतं, पॅनेलपेक्षा फार कमी. ती संपली की नवी घ्यायचे पैसे मजुरीवर जगणाऱ्या घराकडे एकरकमी नसतात, आणि देणगीदार एका गावात दुसऱ्यांदा क्वचितच येतो. पहिल्या दिवसापासून दरमहा दहा-वीस रुपयांचा गावफंड सुरू केला, गावातल्याच दोन पोरांना वायरिंग शिकवलं, तरच अशी योजना दहा वर्षं टिकते. उद्घाटनाच्या खर्चात हे सहज बसलं असतं.

आणि खुद्द खातेगावच्या घरांचं काय? इथलं जुनं घर मातीच्या किंवा विटांच्या जाड भिंतींचं, सागाच्या वाशांचं आणि कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपराचं. कवेलूच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची. गळायचं, दर पावसाळ्याआधी फेरायला लागायचं, माकडं फोडायची, हेही खरंच. त्यामुळे ज्याला चार पैसे मिळाले त्याने स्लॅब टाकला. प्रधानमंत्री आवास योजनेने तर २०१६ पासून मैदानी भागात घरटी १ लाख २० हजार रुपये थेट खात्यात जमा करून हा बदल गावोगावी नेला. गरिबाला न गळणारं घर मिळालं, याला नाकं मुरडणाऱ्यांनी आधी एक पावसाळा गळक्या घरात काढावा.

पण मे महिन्यात पारा त्रेचाळीसला गेला की पाच इंची उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती ऊब खाली सोडतो. मग कूलर, आणि उद्या एसी. सिमेंटचा स्वतःचा भार वेगळाच. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. यावर उपाय काय, हे तज्ज्ञांना ठाऊक नाही असं अजिबात नाही. ग्रामविकास मंत्रालयाने प्रदेशागणिक घरांचे नमुने असलेलं 'पहल' नावाचं जाडजूड संकलन छापलं. निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' २०१८ मध्ये आली. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी तर अर्धं आयुष्य केरळात फिलर स्लॅब टाकून दाखवले. स्लॅबच्या खालच्या अंगातलं काँक्रीट ताण सोसायच्या कामाचं नसतं, ते काम सळई करते. मग सळयांच्या चौकटीत, खालच्या बाजूला, दोन कौलं एकमेकांवर पालथी ठेवायची आणि वरून काँक्रीट ओतायचं. सिमेंट वाचतं आणि कौलांमधली हवा ऊन अडवते. खातेगावात तर घर पाडलं की शेकडो कवेलू फुकट हाताशी येतात. ती आज भरावात जातात.

जातात, कारण घर कसं बांधायचं हे मंत्रालय ठरवत नाही, वास्तुविशारदही नाही. मिस्त्री ठरवतो. त्याने फिलर स्लॅब कधी टाकलेला नसतो, आणि पडला तर शिव्या त्यालाच खायच्या असतात. पैसे एकेका घरमालकाच्या खात्यात येतात, तो एकटाच वाळू आणतो, एकटाच मिस्त्री शोधतो, मिस्त्री सांगेल ते ऐकतो. त्याऐवजी एका गल्लीतल्या, एकाच वर्षी मंजुरी मिळालेल्या दहा घरांनी एकत्र मिस्त्री धरला, पहिला स्लॅब अभियंत्याच्या देखरेखीखाली ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या खोलीवर टाकून घेतला, तर उरलेले दहा तो डोळे मिटून टाकेल. ज्यांचा स्लॅब आधीच पडला आहे त्यांना दर उन्हाळ्याच्या तोंडावर गच्चीला चुन्याचे दोन हात द्यायला काही शे रुपये लागतात. खोली दोन-चार अंशांनी उतरते. सगळ्या गल्लीने एकाच रविवारी चुना लावला तर मजुरीही वाचते.

इंदूरने कचऱ्यात हेच केलं. ओला-सुका वेगळा करायला लोक पर्यावरणाचं ज्ञान झालं म्हणून लागले नाहीत. रोज सकाळी ठरल्या वेळी गाडी येते, मदतनीस तुमची बादली सगळ्या शेजाऱ्यांदेखत बघतो आणि मिसळलेला कचरा परत करतो. लाज आणि नियमितपणा, दोन्हींची ती कमाई आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला रोज ५५० टन ओला कचरा पचवणारा बायो-सीएनजी प्रकल्प या शिस्तीवर उभा आहे. कचरा वेगळा आला नसता तर ते यंत्र नुसतं लोखंड होतं. पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, महापालिकेने २४४ कोटींचे हरित रोखे काढले. जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारून नर्मदेचं पाणी त्या विजेवर चढवायचं आणि त्यासाठी साध्या लोकांनीही महापालिकेला पैसे उसने द्यायचे. मला हा प्रकार फार आवडला, कारण त्यात उपदेश नाही, व्याज आहे.

महाराष्ट्रात या मधल्या जागेची आपल्याला शंभर वर्षांची सवय आहे. मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ मध्ये उभी राहिली. रावबहादूर तालमकी यांच्यासारख्या माणसांनी भाडेकरूंना सांगितलं की एकेकट्याला घर परवडत नाही, मिळून परवडेल. आज राज्यात लाखाहून जास्त गृहनिर्माण संस्था आहेत. एवढ्या छतांची, एवढ्या टाक्यांची, एवढ्या पंपांची सामायिक मालकी दुसऱ्या कुठल्या राज्यात असेल असं वाटत नाही. पण सोसायटीची सभा म्हटली की पार्किंग, गळती आणि कुत्री यापुढे गाडी जात नाही. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये मिळतात. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचं बिल त्यातून बरंचसं फिटतं. पुणे महापालिका सौर, गांडूळखत, पाऊसपाणी यांपैकी एक प्रकल्प असेल तर मिळकतकरात पाच टक्के आणि दोन असतील तर दहा टक्के सूट देते. ही सूट घेणाऱ्यांची तपासणी झाली तेव्हा बंद पडलेले अनेक प्रकल्प सापडले. खताच्या टाकीत कुंड्या, पाऊसपाण्याच्या खड्ड्यात माती. बांधकाम व्यावसायिकाने परवानगीपुरतं बसवलं, पहिल्या समितीने सूट घेतली, दुसऱ्या समितीला चावी कुठे आहे तेही माहीत नाही.

म्हणून अनुदानाची रीत बदलायला हवी, असं माझं मत आहे. बसवण्याच्या दिवशी सगळे पैसे देऊ नयेत. निम्मे तेव्हा द्यावेत, उरलेले पाच वर्षांत थोडे थोडे, यंत्र चालू आहे हे मोहल्ल्याने किंवा सोसायटीने दाखवलं की. आणि ते व्यक्तीला न देता गटाला द्यावेत, म्हणजे शेजारी शेजाऱ्याला विचारील. यात भांडणं होतील. होऊ देत. हिवरेबाजार गावात सिंचनासाठी बोअर घ्यायला बंदी घालताना भांडणं झाली नसतील असं कोण म्हणेल? दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडायची सवय लागली म्हणून ती बंदी टिकली. ताळेबंद उघडा असला की भांडणालाही एक पातळी राहते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. मोहल्ला म्हणजे काही संतांची सभा नव्हे. तिथे जात आहे, दांडगाई आहे, भाडेकरूला आवाज नाही, बायकांना सभेत मागे बसवतात. रेवासागर खणायला दहावा हिस्सा सोडू शकला तो जमीनवाला. भूमिहीनाने काय सोडायचं? सामूहिक कामाचा लाभ वरच्यांना आणि श्रमदान खालच्यांना, ही आपली जुनी खोड आहे. एकेकट्यावर सोपवून ती जात नाही, उलट झाकली जाते. गटाच्या वहीत कोण किती देतो आणि किती घेतो हे निदान लिहिलं तरी जातं. त्या वहीवर सही करणाऱ्यांत भाडेकरू आणि बाई असलीच पाहिजे, एवढी अट अनुदान देणारा सहज घालू शकतो.

महाराष्ट्रातल्या सोसायट्यांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. मध्य प्रदेशातल्या गावांना २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीची ग्रामसभा आहे. वाचकांना विनंती एवढीच की यंदा एक विषय लेखी द्या: आपल्या छतावर, टाकीत आणि खड्ड्यात आज काय काय बसवलेलं आहे, त्यातलं काय चालू आहे, आणि पुढच्या वर्षभर त्याची चावी कुणाच्या नावावर राहील. नवं काही बसवण्याचा ठराव त्यानंतर घ्या.